बाबांची रेसर सायकल पुन्हा रस्त्यावर!

जुन्या बाजारातल्या काका, तुमचे आभार कसे मानू? पायडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो, त्या बॉटम ब्रॅकेटचा आट्यांनी बसवलेला उजवा कप हलेना, तेव्हा तुम्हीच सांगितलंत, "इंग्लिश आटे आहेत, त्या बाजूला उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरव." फ्रेम वाचली.

२७ इंची रिमवर (बीड, म्हणजे टायरची कड बसते तिथला व्यास, ६३० मिमी) आजचा ६२२ चा टायर बसणार नाही, असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारे आणि दोन दिवसांनी जुन्या मापाचा जोड शोधून फोन करणारे पेठेतले दुकानदार, तुमचेही.

आणि चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढताना एकेक तार बोटाने छेडून तिचा ताण कानाने ओळखायला शिकवणारे मिस्त्री! ढिली तार जाड वाजते, हे आता माझ्या मुलीलाही कळतं. तुम्ही पैसे घेतले नाहीत. रविवारी सायकल दाखवायला येतो, बाबाही येणार आहेत.