बाबा, उपाशीपोटी जा

दांडिया बाजार, वडोदरा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

अण्णाकाका काल घरी आले. आल्या आल्या चहात साखर कमी म्हणून काकूवर कुरकुरले, म्हणजे ठीक आहेत. फोनवर तुम्हाला नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं होतं, आता नीट लिहिते.

त्या रविवारी डाव्या कुशीत आणि पाठीत एकदम कळ आली. जवळच्या दवाखान्यात मुतखडा म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. साठीनंतर पहिल्यांदाच असं दुखलं तर आधी महाधमनी, म्हणजे हृदयापासून पोटात येणारी मुख्य रक्तवाहिनी, बघायची असते, हे मला नंतर कळलं. रात्री काका मोरीत पडले. अंग गार, बनियन पिळून काढावं इतका घाम, वरचं बीपी ८०. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मुलीने पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि बोलता बोलता गप्पच झाली. एरवी जेमतेम २ सेंटिमीटर असणारी धमनी साडेसात झालेली, आणि फुटलेली. रक्त पाठीकडच्या बाजूला अडून राहिलं म्हणून वाचले.

मी सारखी ‘सलाइन जोरात सोडा’ म्हणत होते. त्यांनी मुद्दामच सोडलं नाही. माणूस शुद्धीवर आहे तोवर बीपी कमीच बरं, वाढवलं तर धरलेली गुठळी सुटते. सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचं स्कॅन, झाली आणि जांघेतून कापडाचं अस्तर असलेला स्टेंट आत बसवला. पोट उघडावं लागलं नाही.

आता बाबा, तुमचं. सख्खे भाऊ, वय ६९, तीस वर्षं सिगारेट. सोडलीत, मान्य, पण धोका पुरता जात नाही. ही धमनी फुगताना बहुधा दुखत नाही, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हे चालणार नाही. तुमच्या टेबलावरच्या आइनस्टाइनलाही हेच होतं. १९४८ मध्ये सर्जनने धमनीभोवती सेलोफेन गुंडाळला, १९५५ मध्ये ती फुटली आणि आइनस्टाइननेच ऑपरेशनला नकार दिला. हट्टी माणसं सगळी! तुम्हाला फक्त पोटाची सोनोग्राफी करायची आहे, दहा-पंधरा मिनिटांची. ३ सेंटिमीटरच्या आत असेल तर विषय संपला. वर असेल तर अधूनमधून मोजत राहतात, ५.५ च्या पुढे गेली की ऑपरेशनचं बोलतात.

आई, त्या दिवशी सकाळी त्यांना पोहे देऊ नकोस, आणि बाहेर खाऊन येत नाहीत ना तेही बघ. रिपोर्टमध्ये महाधमनीचा आकडा लिहिलाय का पाहा, आणि मला फोटो पाठव.

तुमची,
मनू