भोक बुजलं, गळती राहिली

सातारा, १४ जून

प्रिय सुन्या,

फोनवर 'सगळं ठीक' म्हणालो, ते अर्धंच खरं होतं. उरलेलं बोलताना जीभ अडली, म्हणून लिहितोय.

आठवतंय, दुसरीत खो-खो खेळताना मी मध्येच उकिडवा बसायचो, ओठ जांभळे? गुरुजी म्हणायचे, आळशी. आळस नव्हता रे. तसं बसलं की फुप्फुसांकडे जरा जास्त रक्त जातं. अशा पोरांना ते न शिकवताच कळतं. १९९३ साली मुंबईला ऑपरेशन झालं. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयात जन्मतःच असलेले चार दोष. हृदयातलं भोक बुजवलं, फुप्फुसांकडची अरुंद वाट पट्टी लावून रुंद केली. आईने पेढे वाटले. अठरा उलटल्यावर मी हृदयाच्या डॉक्टरांचं तोंड पाहिलं नाही. बरा झालेला माणूस कशाला जाईल?

एप्रिलात अजिंक्यतारा चढताना छाती धडधडायला लागली, थांबेचना. पुण्याला गेलो. तिथे आमच्यासारख्या थोराड पेशंटांनाही लहान मुलांचेच डॉक्टर बघतात. भिंतीवर जिराफ, शेजारी दुपट्यातली बाळं. सिस्टर म्हणाली, "बाळ कुठंय?" म्हटलं, "मीच."

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलं ते असं. वाट रुंद करताना तिथली झडप निकामी झाली होती. त्या वेळी जीव वाचवणं मोठं, त्यामुळे तक्रार नाही. पण तेव्हापासून दर ठोक्याला थोडं रक्त मागे येतंय आणि हृदयाचा उजवा कप्पा ताणून मोठा झालाय. इतकी वर्षं दुखलं-खुपलं काही नाही, हीच तर गोम! नवी झडप लागेल. पेच आहे तो कधी बसवायची याचा. घाई केली तर तीही काही वर्षांनी झिजणार, पुन्हा तेच. उशीर केला तर ताणलेला कप्पा पूर्ववत होत नाही. म्हणून एमआरआय, होल्टर (अंगाला लावून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) आणि आता जन्मभर हजेरी. झडप बसली की साधा दात काढायचा तरी आधी अँटिबायोटिक.

राग एकाच गोष्टीचा येतो. 'दरवर्षी दाखवत राहा' एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही. जुने कागद मागितले तर म्हणे रद्दीत गेले. शेवटी आईच्या पत्र्याच्या पेटीत डिस्चार्ज कार्ड सापडलं, रेशनकार्डाच्या घडीत. तिला सांगितलंय, विम्यासाठी हवंय.

एमआरआय पुढच्या बुधवारी. त्या नळीत तासभर पडून राहायचंय. येशील? तेव्हा दप्तर उचलायचास, आता नुसती फाइल आहे.

तुझा,
दिन्या