टिकाऊ माल वाटेत टिकावा, एवढीच मागणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या केरी गावात आमचा महिलांचा स्वयंसाहाय्य गट आहे. आम्ही कोकमाचं आगळ, सोलं, फणसाचे तळलेले गरे, आंबापोळी आणि मिरचीचं लोणचं करतो. यातलं काहीच बर्फात ठेवावं लागत नाही, म्हणून तर आम्ही हे पदार्थ निवडले. पुण्या-मुंबईला राहणारे गोवेकर आणि बेळगाव-कोल्हापूरचे काही दुकानदार हा माल मागवतात. श्रावण लागला की चतुर्थीसाठी मागणी वाढते, आणि नेमका तेव्हाच पाऊस घाटात ठाण मांडून असतो.

माल कसा करावा हे शिकवायला आमच्याकडे पुष्कळ जण येतात. यंत्रासाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ३५ टक्के अनुदान मिळतं, लेबलावर १४ आकडी परवाना क्रमांक कुठे छापायचा तेही सांगतात, प्रदर्शनात स्टॉल देतात. पण खोका आमच्या दारातून उचलला गेला की गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंतची वाट कुणाच्याच खात्यात मोडत नाही. हे पत्र त्या वाटेबद्दल आहे.

ट्रान्सपोर्टच्या गोदामात आम्हाला नेहमी एकच ऐकवतात : "लोणचंच ना बाई, त्याला काय होतंय?" होतं. लेबलावर आम्ही 'सहा महिने' छापतो, त्याच्याच खाली 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' असंही छापतो. ते सहा महिने या अटीवरच धरलेले असतात. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली दोन-तीन दिवस पडलेल्या गऱ्यांचं तेल लवकर खवट होतं. पावसात ओल्या फरशीवर ठेवलेला खोका खालून भिजतो, मग त्याच्यावर दुसरे चार खोके रचले की तो बसतो आणि आतल्या बाटल्या एकमेकींवर आदळतात. आंबापोळीचं तर विचारूच नका. शेजारी अगरबत्तीचं किंवा कपडे धुण्याच्या पावडरचं पोतं असलं की साध्या प्लास्टिकमधून तो वास आत शिरतो. पोळी दिसायला चांगली, पाकीट शाबूत, पण तोंडात घातली की साबण. गिऱ्हाईक शिव्या आम्हाला देतं आणि पुन्हा मागवत नाही. अन्नाची ने-आण इतर मालापासून वेगळी, स्वच्छ आणि कोरडी व्हावी, हे अन्नसुरक्षा कायद्याच्या २०११ च्या नियमांतल्या परिशिष्ट ४ मध्ये लिहिलेलं आहे. आमच्या स्वयंपाकघरातली फरशी त्याच परिशिष्टावरून तपासतात. तपासावी, त्याबद्दल तक्रार नाही.

काही गोष्टी आमच्या हातात आहेत आणि त्या आम्ही करतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर आहे. गाडी घाट चढते तसा बाहेरचा हवेचा दाब कमी होतो आणि हवा भरून बंद केलेलं पाकीट फुगतं. सील अरुंद असेल तर कोपऱ्यात बारीकशी फट पडते, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि पुढे दमट हवा आत जाऊन गरे मऊ पडतात. म्हणून आता आम्ही पाकिटात हवा कमी ठेवतो आणि सील रुंद मारतो. आगळाची बाटली आणि गरे एका खोक्यात घालत नाही, एक बाटली फुटली तर सगळाच माल जातो. पण यामुळे भाडं वाढतं. बहुतेक कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येईल तेवढे किलो धरतात. ५० बाय ४० बाय ४० चा खोका म्हणजे १६ किलो. आत गरे जेमतेम ६ किलो मावतात. म्हणून हलका माल कुरियरने परवडत नाही, ट्रकच्या ट्रान्सपोर्टलाच द्यावा लागतो.

आणि तिथे बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, शिक्का बसतो : माल मालकाच्या जोखमीवर. माझ्यासारख्या इतर गटांच्या बायकांसाठी इथे मुद्दाम लिहिते. सडकमार्गे वाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. माल देताना त्याची किंमत लिहून दिली नाही आणि जादा जोखमीचा दर ठरवून घेतला नाही, तर नुकसानीची भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. दीडशे रुपये भाडं दिलं तर दीड हजार, मग खोक्यात चार हजारांचं आगळ का असेना. तेव्हा किंमत लिहूनच घ्या, बिल्टी जपून ठेवा, आणि नुकसान झालंच तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्या. गोदामातला माणूस घाई करतो, पण आपण घाई करू नये.

जीएसटीचंही सांगायला हवं. गोव्यातल्या गोव्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण तीच लोणच्याची बरणी डिचोलीऐवजी शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या दोडामार्गच्या दुकानात दिली की ती आंतरराज्य विक्री ठरते आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होते. छोट्यांसाठी म्हणून असलेल्या कंपोझिशन योजनेतूनही राज्याबाहेर माल विकता येत नाही. हस्तकलेच्या वस्तूंना नोंदणीच्या या सक्तीतून ठरावीक उलाढालीपर्यंत सूट आहे. हाताने केलेल्या खाद्यपदार्थांनाही ठरावीक रकमेपर्यंत ती मिळावी, असं आपल्या सरकारने जीएसटी परिषदेत मांडावं. गोव्यासारख्या राज्यात हद्द प्रत्येकाच्या परसाला लागून आहे, हे दिल्लीत आपणच सांगायला हवं.

आता मुख्य मागणी. महाराष्ट्राच्या एसटीने २०२० मध्ये मालवाहतूक सुरू केली, कर्नाटकाच्या परिवहन महामंडळाने २०२१ मध्ये 'नम्म कार्गो' आणलं. आपल्या कदंब परिवहनच्या बसगाड्याही गोव्याबाहेर जातात. साखळी, फोंडा, म्हापसा आणि मडगाव या स्थानकांवर खाद्यपदार्थांसाठी प्रत्येकी एक खोली द्यावी. छप्पर गळकं नसावं, माल जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावा, आणि साबण, खत, रंग, अगरबत्ती यांना तिथे जागा नसावी. संध्याकाळी घेतलेला खोका त्याच रात्रीच्या गाडीने निघावा. एवढंच पुरे आहे, वातानुकूलित काही नको. घाट अवजड वाहनांना बंद होतो तेव्हा कुठला पर्यायी रस्ता आणि किती दिवस, हे त्या खोलीच्या दारावर लावलं तर आम्ही माल एक दिवस घरीच ठेवू, तो गोदामात सडणार नाही. आणि आमची घरं तपासणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा तरी खाजगी ट्रान्सपोर्टची गोदामंही आतून पाहावीत.

चारही ठिकाणी एकदम जमत नसेल तर येत्या चतुर्थीपूर्वी साखळीला सुरुवात करून पाहावी. आमच्या आसपासचे गट मिळून ती खोली झाडून-पुसून ठेवायला, खोक्यांची नोंद ठेवायला आणि ठरेल ते भाडं द्यायला तयार आहेत.

आपली,
स्वयंसाहाय्य गटाची एक सदस्य,
केरी, सत्तरी