सियाचीनमध्ये शेकोटी पेटत नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील सियाचीनवरची क्रमशः कादंबरी आमच्या घरात सगळे वाचतात. गेल्या रविवारी नायक वाट चुकतो, भर दुपारी एकटाच हिमनदी ओलांडतो, काटक्या गोळा करून शेकोटी पेटवतो आणि तहान लागल्यावर बर्फ खातो. मी तिथल्या चौकीवर तीन महिने काढलेत, म्हणून राहवलं नाही.

तिथे काडी उगवत नाही. ऊब आणि पाणी, दोन्ही रॉकेलच्या स्टोव्हवर. पातेलंभर बर्फ वितळवावा तेव्हा तळाला तांब्याभर पाणी सुटतं. नुसता बर्फ खाल्ला तर अंगातली उरलीसुरली ऊबही जाते. दुपारी ऊन लागून बर्फ भुसभुशीत होतो, खालच्या भेगा दिसत नाहीत. म्हणून आम्ही पहाटेच्या अंधारात निघायचो, सगळे एका दोराला बांधलेले. घाम फुटेल इतकं भराभर चालू नका, असं उस्ताद बजावायचे, कारण तोच घाम कपड्यांत गोठतो. एकदा दोराची कडी अडकली म्हणून मी हातमोजा काढला, मिनिटभरच. बोटांची कातडी कडीला चिकटली. दोन बोटांची टोकं अजून थंडीत बधिर होतात.

कादंबरी आजच्या काळातली, तरी पानोपानी गोळीबार! तिथे नोव्हेंबर 2003 पासून शस्त्रसंधी आहे. त्याआधीही गोळीपेक्षा थंडीनं, विरळ हवेनं आणि हिमकड्यांनीच जास्त जवान नेले. 3 फेब्रुवारी 2016 ला 19,600 फुटांवरची सोनम चौकी हिमकड्याखाली गेली. दहा जवान गाडले गेले, त्यात आमच्या माण तालुक्यातला एक होता. सहाव्या दिवशी 25-30 फूट बर्फाखाली लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. आमच्या गावात त्या रात्री कोणी टीव्ही बंद केला नाही. 11 फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. त्या सहा दिवसांत एकही गोळी नव्हती, तरी सारा देश श्वास रोखून होता.

लेखकाची भाषा ओघवती आहे, हे मनापासून सांगतो. सातारा जिल्ह्यात गावोगाव माजी सैनिक आहेत; कोणाच्याही ओट्यावर येऊन बसावं, चहा आमचा. आणि एक विनंती: पुढच्या भागात नायकाचा एक हातमोजा भेगेत पडू द्या, आणि चौकी दोन तासांवर ठेवा.

– एक माजी सैनिक, ता. माण, जि. सातारा