आमच्या विशेषांकातले ते पाच निबंध काढा

प्रति,
प्रकाशन व्यवस्थापक

विषय: ‘खानदेशातील बोली’ विशेषांकात अतिथी संपादकांना न विचारता घातलेले पाच निबंध आणि लेखकाकडून घेतलेले 8000 रुपये

गुरुवारी दुपारी तुमच्या कार्यालयातून आलेल्या फोननंतर हे पत्र लिहिते आहे. आता फोन करू नका. लेखी उत्तर हवं.

प्रस्ताव तुमच्याकडे आहेच. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97वं साहित्य संमेलन झालं, तिथेच आम्हा दोघी अतिथी संपादकांचं ठरलं होतं की अहिराणी, लेवा गणबोली, पावरी या बोलींवर नीट तपासलेला एक अंक काढायचा. भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सनने 1907 साली खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं. त्यानंतर इथल्या माणसांनी स्वतःच्या कानांनी ऐकून जे टिपलं, ते एका जागी यावं अशी इच्छा होती. तुम्ही प्रस्ताव मंजूर केलात. प्रत्येक निबंध दोन समीक्षकांकडे जाणार, घ्यायचा की नाही हे अतिथी संपादक आणि मुख्य संपादक ठरवणार, ज्यांच्यामागे संस्थेचा पैसा नाही त्यांना निबंध छापण्याचं शुल्क माफ, हे सगळं तुमच्याच मंजुरीच्या मेलमध्ये आहे.

16 निबंध आले. आम्ही 9 घेतले. अंक निघाला 14 निबंधांचा.

त्या नवांतला एक साक्री तालुक्यातल्या आश्रमशाळेच्या शिक्षकांचा. अहिराणीतल्या ‘शे’ (म्हणजे ‘आहे’) या क्रियापदावर. पहिल्या खर्ड्यात 40 वाक्यं होती, पण कुठल्या गावात, कोणाच्या तोंडून ऐकली याचा पत्ता नव्हता. समीक्षकांनी परत पाठवला, मीही पाठवला. हा माणूस मे महिन्याच्या उन्हात मोटरसायकलवर पुन्हा त्या गावांना गेला, म्हाताऱ्या बायांजवळ बसून वाक्यं परत ऐकली, प्रत्येक वाक्यापुढे गाव आणि वय लिहून आणलं. तेव्हा कुठे आम्ही होकार दिला. त्याच निबंधाला लागून तुम्ही सिमेंटच्या विटांवरचा निबंध छापलात, जो मी आजवर पाहिलेला नव्हता. वर अतिथी संपादक म्हणून नाव माझं.

हे विचारायला चार मेल केले. उत्तर नाही. मग गुरुवारी फोन आला, तोही परीक्षेच्या पर्यवेक्षणात असताना. व्हरांड्यात उभं राहून ऐकलं.

“मॅडम, नऊच पेपर होते. अंक पातळ दिसत होता.”

विटांचा निबंध बोलींच्या अंकात कसा, असं विचारलं.

“खानदेशातल्याच कॉलेजचा आहे ना, मॅडम.”

त्याचे समीक्षक कोण? “ते आमची टीम बघते.” मग वर माझं नाव कशाला? तर तुमचा माणूस म्हणाला, “अतिथी संपादकांनी एवढं वाचत बसायचं नसतं हो. तुम्हाला सर्टिफिकेट दिलंय ना? प्रमोशनच्या फाइलला लागतं तेवढं झालं.”

22 वर्षं शिकवते आहे, माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. दीड वर्ष रात्रीची जेवणं उरकल्यावर मी ते निबंध ओळ न् ओळ वाचले. डीओएजे, म्हणजे मोफत वाचता येणाऱ्या संशोधन नियतकालिकांची जागतिक सूची, अतिथी संपादकांचे निबंध अंकाच्या 25 टक्क्यांपर्यंत चालवून घेतं, तरी आम्ही दोघींनी स्वतःचा एकही घातला नाही. आणि मी हे सर्टिफिकेटसाठी केलं असं तुमचा माणूस मला सांगतो.

हिंदावी या संशोधन नियतकालिकांच्या प्रकाशनाचं काय झालं हे या धंद्यात असलेल्या तुम्हाला माहीत आहे. 2023 या एका वर्षात 8000 हून जास्त निबंध मागे घ्यावे लागले, बहुतेक विशेषांकांतलेच, आणि विले या मालक कंपनीने ते नावच बंद केलं. यूजीसीनेही फेब्रुवारी 2025 मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली. आता चांगलं नियतकालिक कोणतं हे आम्ही प्राध्यापकांनीच पारखायचं आहे. उद्या विद्यार्थी विचारतील, मॅडम, इथे निबंध पाठवू का? पूर्वी मी हो म्हणायचे. तुमच्या जुन्या अंकांचे खंड आमच्या ग्रंथालयात मी स्वतः मागवले होते, म्हणून जास्त लागतं.

अंक पातळ राहिला असता तर चाललं असतं. नऊ निबंधांचा अंक हा अंकच असतो. पण मला न विचारता पाच निबंध घालून माझं नाव वर ठेवणं चालणार नाही.

15 दिवसांत ते पाच निबंध आमच्या विशेषांकातून काढा आणि ते का काढले याची सूचना त्याच जागी छापा. काढणार नसाल तर दोन्ही अतिथी संपादकांची नावं उतरवा. मुख्य संपादकांच्या सहीचं पत्र पाठवा. तसं झालं नाही तर मेलच्या सगळ्या प्रती ‘कोप’कडे, म्हणजे प्रकाशनातली नीतिमत्ता पाहणाऱ्या समितीकडे जातील, तिथल्या सदस्यत्वाचं चिन्ह तुम्ही मुखपृष्ठावर छापता. विद्यापीठालाही कळवीन आणि नऊही लेखकांना निबंध मागे घ्यायला सांगेन.

साक्रीच्या शिक्षकांचे 8000 रुपये मात्र 15 दिवस थांबणार नाहीत. शुल्कमाफी मंजूर असताना “पैसे भरा, नाहीतर पेपर पुढच्या अंकात” असा मेल तुम्ही त्यांना केलात. त्यांनी पतपेढीतून उचलून भरले आणि मला सांगितलंही नाही. पावतीची प्रत जोडली आहे. पैसे त्यांच्याच खात्यात जमा करा.

अतिथी संपादक, ‘खानदेशातील बोली’ विशेषांक
अमळनेर, जि. जळगाव