काकांचे, ताईंचे आणि डॉक्टरांचे आभार

दारावरची बेल वाजली तरी पलंगाखाली पळणारी आमची मांजर. तिच्या काखेत आणि पोटाखाली केसांचे गठ्ठे झाले होते, अगदी कातडीला चिकटून. असे गठ्ठे घरी कात्रीने कापणं धोक्याचं. मांजराची कातडी पातळ, गठ्ठा ओढला की तीही वर येते आणि कात्रीत सापडते. म्हणून दवाखाना.

बाहेर बसलो असताना एका काकांनी कुणी न सांगता आपला कुत्रा अंगणात नेला. काका, तुमचे आभार आधी! आतल्या ताईंनी तर तिला पिंजऱ्यातून ओढून काढलंच नाही. वरचं झाकण उचललं, टॉवेल पांघरला आणि तिच्या स्वतःच्या चादरीवरच काम सुरू केलं. केस कापायचं मशीन आधी लांबच चालू ठेवलं, आवाजाची सवय होईपर्यंत. मानगूट धरणं नाही, दटावणं नाही. शेपूट आपटायला लागली तशी डॉक्टरांनी हात थांबवला. "आज एवढंच. पोटाचं पुढच्या वेळी बघू." काम उरकायची घाई नसलेली माणसं भेटणं हे खरंच नशीब. काखा मोकळ्या झाल्यात, पुन्हा खिडकीत उड्या सुरू आहेत. नावं माहीत नाहीत, पण तुम्हा तिघांचे मनापासून आभार.