त्या रविवारची नोंद

आदरणीय मॅडम,

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी लागणारे उड्डाणाचे २०० तास पूर्ण झाले. आईने अख्ख्या गावात पेढे वाटले. तुम्हाला फोनवर नुसतं ‘थँक्यू’ म्हणून माझं मन भरलं नाही, म्हणून चारचौघांत हे पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी, दुसऱ्या एका ठिकाणी, इंजिन बंद पडल्याचा सराव करताना सरांनी मिक्श्चर, म्हणजे इंजिनाचं इंधन तोडणारा दांडा, ओढून हवेतच इंजिन खरोखरच बंद केलं होतं. इमर्जन्सी अशीच येते म्हणाले. इंजिन परत सुरू झालं, पण तोवर माझे हात गार पडले होते, चेकलिस्टची एक ओळ आठवेना. त्या दिवशी मी फक्त घाबरायला शिकले.

तुम्ही मिक्श्चरला कधी हात लावला नाही. मी बोलत असतानाच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे घ्यायचात आणि गप्प बसायचात. नाक सांभाळ, वेग ६५ नॉट धर, वारा कुठून, उतरायला शेत कोणतं, सगळं माझं मला. मध्येच इंजिन फार गार होऊ नये म्हणून जरासं थ्रॉटल, आणि ५०० फुटांवर पूर्ण पुढे. आयडलवरचं, म्हणजे नुसतं मंद चालणारं इंजिन थोडा तरी जोर देतं, खरं बंद पडलं तर हवेने फिरणारं पातं उलट ओढ लावतं, विमान याहून लवकर खाली येईल, म्हणून शेत जवळचंच धर, हेही दरवेळी सांगायचात.

आणि तो रविवार! आदल्या दिवशी मी वरून एक शेत निवडलं होतं. धान कापलेलं, एकदम सपाट. तुम्ही स्कूटीवर बसवून मला तिथेच नेलं. मी आमगावकडची, बांध्यांमध्येच, म्हणजे धानाच्या खाचरांतच वाढलेली, तरी वरून मला धुरे, म्हणजे मधले मातीचे बांध, दिसले नव्हते. गुडघाभर उंच, तीस-चाळीस पावलांवर एकेक. लाखोळीच्या पिकाखालची माती अजून ओली, बूट रुतत होता. कडेने विजेची लाइन. “तारा वरून दिसत नाहीत, खांब शोध,” म्हणालात. मग धुऱ्यावर बसून विचारलंत, “पुढचं चाक कुठे अडकेल, दाखव.” मी बोट दाखवलं आणि पोटात गोळा आला. दुपारभर आपण फिरलो, धुऱ्याच्या लांबीने उतरायला कोणती बांधी पुरेल, धानाचे पुंजणे, म्हणजे रचलेले ढीग, कुठे आडवे येतील, सगळं बघत.

उड्डाण नव्हतं, म्हणून लॉगबुकात त्या दिवसाची नोंद नाही. ती इथे करून ठेवते.

तुमची विद्यार्थिनी,
ता. आमगाव, जि. गोंदिया